मागची सीट

ऑक्टोबरात, व्रशिच घाटाच्या एका वळणावर
गाडी उभी होती. चालतसुद्धा नव्हती.
त्स्वेतोनं पाय टेकवला तो नेमका सुट्या खडीवर.
म्हातारा बैल बसतो तशी
ती सावकाश कलली,
सव्वादोनशे किलो,
आणि तिच्यासोबत आम्ही दोघंही.

लागलं काही नाही. अब्रूला खरचटलं तेवढंच.
एका जर्मन पोरानं ती उचलून दिली,
सँडविच दातांत तसंच धरून.

घरी येईपर्यंत तो बोलला नाही.
रात्री म्हणाला, विकून टाकू.
मी म्हटलं, आधी भांडी पूस.

नोव्हेंबरपासून गॅरेजात शाळा भरते.
येसेनित्सेच्या पोलाद कारखान्यात
चाळीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस
भिंतीला पाठ लावून
नसलेल्या खुर्चीवर बसतो.
वीस मोजेपर्यंत मांड्या थरथरतात.
शेजारचा राडो खिडकीतून विचारतो,
बस कितीची आहे?
राडोनं त्याची गाडी विकली. हेल्मेट उरलंय,
त्यात त्याची बायको कांदे ठेवते.
त्स्वेतो त्या कांद्यांकडे बघतो
आणि पुन्हा वीस मोजतो.

दात घासायचे ते एका पायावर.
बातम्या बघताना टेनिसचा चेंडू दाबायचा,
क्लचसाठी डाव्या हातात, ब्रेकसाठी उजव्या.
मंत्री बोलायला लागले की
उजवा हात जरा जास्तच तयार होतो.

फिजिओ नेझा, आमच्या नातीच्या वयाची,
म्हणाली, खांद्यावरून मागे बघा.
त्यानं मान वळवली. तीस अंशांवर कुलूप.
आरशात दिसतं की, तो म्हणाला.
आरशात दिसत नाही तेच येऊन धडकतं, ती म्हणाली.
मग सकाळ-संध्याकाळ, दहा-दहा वेळा,
तो मागच्या भिंतीला शोधत राहिला.

माझ्याबद्दल कुणी विचारलं नाही.
मागची सीट म्हणजे सोफा, असाच सगळ्यांचा समज.
पण सामानाच्या पेटीवरून पाय पलीकडे टाकायचा असतो.
वळणावर त्याच्याइतकंच कलायचं,
ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त.
ब्रेक लागला की त्याच्या पाठीवर आदळायचं नाही,
आपलं ओझं आपल्याच मांड्यांत धरायचं.
अशी पन्नास वळणं.
एके काळी माझ्या गुडघ्याला बाशिंग होतं,
आता निळा पट्टा आहे.

तो झोपला की मी स्वयंपाकघरात उतरायची.
ओटा धरून पाय उचलायची,
आधी तळाच्या खणापर्यंत,
जानेवारीत चमच्यांच्या,
मार्चमध्ये टाच ओट्यावर पोचली
आणि जर्दाळूच्या जॅमची बरणी फुटली.
मांजरावर ढकललं.

त्याला म्हणे डिसेंबरातच कळलं होतं.
जिन्याच्या पायरीवर बसून,
कठड्यातून मान वाकडी करून बघायचा रोज.
तेही व्यायामातच धरलं त्यानं.

मेमध्ये बर्फ हटवून घाट उघडला.
निघायच्या आदल्या दिवशी त्यानं
जुन्या गादीवर गाडी मुद्दाम आडवी केली.
तिच्याकडे पाठ करून बसला,
एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला,
आणि पायांनी, फक्त पायांनी,
चेहरा बिटासारखा लाल होईपर्यंत
मागे मागे सरकत तिला उभी केली.
पुन्हा कर, मी म्हटलं.
पुन्हा नाही जमलं.
थोडा वेळ तिथंच बसलो आम्ही, गादीवर.
मग तो म्हणाला, ठीक आहे,
दिवसातून एकदाच पडायचं.

सकाळी मी पाय टाकला. पेटीला टाच लागली,
पण गेला पलीकडे.
हमरस्त्याला लागताना, गाड्या येतायत का बघायला,
त्यानं मान वळवली.
तीस अंश. मग आणखी थोडी.
आरशात कधीच न मावलेली मी
हेल्मेटच्या फटीतून त्याच्या डाव्या डोळ्यात आले.
एकाच डोळ्यात. तो तिथंच थांबला.

पुढे बघ, मी म्हटलं.